खालचा माणूस

"हात खाली आलाय," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. धुतल्यावर सदरा आखडलाय हे सांगावं तितक्या सहज तिने ते सांगितलं, आणि वहीतलं मागचं पान उघडून दाखवलं. तीन महिन्यांपूर्वीच्या तारखेखाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं : उजवा हात, झोपलेल्या स्थितीत, छातीपर्यंत. आज तोच हात गादीवरून चार बोटं उठला आणि पडला. सुट्टीचा दिवस होता, त्यामुळे घरातली सगळी माणसं खोलीत उभी होती : मुलगा, सून आणि सासऱ्यांकडे बघायला येणाऱ्या दिवसाच्या बाई. सासरे पलंगावर होते. सात महिन्यांपूर्वी झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. "व्यायाम कोण घेत होतं यांचा?" फिजिओथेरपिस्टने विचारलं. मुलगा म्हणाला, पहिला महिनाभर मी घेतला, मग कामाच्या वेळा बदलल्या. दिवसाच्या बाई म्हणाल्या, "मी अंघोळ घालते, भरवते, कुशीवर वळवते. हात हलवायला मला कुणी सांगितलं नाही." फिजिओथेरपिस्टने मान हलवली. "कुणीतरी घेत होतं. मी तोंडाने सांगितलं तर ते काहीच करत नाहीत. पण हे बघा." तिने स्वतःचा हात सावकाश वर नेला. सासऱ्यांची नजर त्या हातावर चिकटली आणि त्यांची मेलेली बोटं चादरीवर वळवळली. "असं समोर उभं राहून, रोज, कुणीतरी दाखवलंय यांना. ते बंद का केलंत? पुढचे दोन महिने फार महत्त्वाचे आहेत. जे यायचं ते तेवढ्यात येईल. नंतर मी खोटी आशा लावणार नाही." चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं सूनबाईचं झालं. मी चहा ठेवते, असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि गॅस न पेटवताच ओट्यापाशी उभी राहिली.

सासऱ्यांची ती खोली आधी सूनबाईच्या मुलीची होती. दोन वर्षांपूर्वी मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि घरात पहिल्यांदाच एक रिकामी जागा झाली. तिथे सूनबाईने एक निळी मॅट आणून अंथरली. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. चष्म्याच्या कारखान्यात दिवसभर मान खाली घालून बसल्यावर संध्याकाळी मान वर होत नसे, एवढंच कारण होतं. फोन खिडकीत टेकवून ठेवायचा आणि फोनमधली बाई सांगेल तसं करायचं. फोनमधल्या बाईला कधी घाम येत नसे. तिच्यामागे पांढरी भिंत आणि एक कुंडी असे, आणि ती वाकली की तिचे तळहात जमिनीवर असे टेकत की जणू तिथे काही विसरलं होतं ते उचलायचंय. सूनबाई वाकली तेव्हा हात गुडघ्यांच्या खाली वीतभर गेले आणि थांबले. मॅट सरकत होती, खाली जुना टॉवेल घातला तर टॉवेलही सरकत होता. नाचता येईना अंगण वाकडे, असं नवरा दारातून म्हणून गेला. दुसऱ्या आठवड्यात पाठ धरली. तिसऱ्या आठवड्यात, ऐन श्वास रोखलेला असताना, फोनमध्ये साबणाची जाहिरात लागली आणि ती एकटीच हसली. पण सोडलं मात्र नाही. चार महिन्यांनी बोटं घोट्याला लागली. नवव्या महिन्यात एका सकाळी, काही विशेष न करता, मधल्या बोटाचं टोक मॅटला लागलं. रबराचा तो खरखरीत स्पर्श तिने दिवसभर बोटाला जपून ठेवला आणि कुणाला सांगितला नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? एका बाईचं बोट जमिनीला लागलं. फक्त एका पायावर उभं राहणं जमत नसे. फोनमधली बाई म्हणे, "पाच श्वास थांबा." सूनबाई तिसऱ्या श्वासाला डगमगे, चौथ्याला पाय खाली टेकवे आणि पाचवा नुसता मोजून घेई. कुठलंही आसन पाच श्वासांच्या पुढे तिने कधी धरलं नव्हतं.

मग सासऱ्यांना झटका आला, आणि दवाखान्यातून आणल्यावर त्यांना ठेवायला तीच एक खोली होती. चाकांचा लोखंडी पलंग आला, तो भिंतीला लावला. पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये मॅट बरोबर बसत होती, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं राहत होती. ती हट्टाला पेटली असं नाही म्हणता येणार. तिने नुसतं एका सकाळी पुन्हा मॅट अंथरली. सव्वासात ते पावणेआठ. साडेआठला दिवसाच्या बाई येत, त्यानंतर तिला कामावर निघायचं असे. सासरे डावीकडे मान वळवून बघत राहत. पहिले काही दिवस तिला त्याचं काही वाटलं नाही. आजारी माणूस खिडकीकडे बघणारच, आणि खिडकीच्या वाटेत आपण उभ्या आहोत. हळूहळू तिच्या लक्षात आलं की ते खिडकीकडे बघत नाहीत. ती हात वर नेई तेव्हा त्यांची नजर वर जाई. ती वाकली की नजर खाली येई. बोलता येणाऱ्या माणसाच्या नजरेला काहीतरी अर्थ असतो, तो विचारून घेता येतो. या नजरेला विचारायचं काय? ती जुना ढगळ सदरा घालायला लागली. वाकताना पाठ दुसरीकडे करायला लागली. आणि मग ती सकाळ आली. ती दोन्ही हात डोक्यावर नेऊन ताणत होती, सहज मान वळली, आणि कमरेपाशी चादर हलताना दिसली. हलकेच वर, मग खाली, मग पुन्हा वर. सासऱ्यांचे डोळे तिच्यावर होते आणि चेहरा घामेजलेला होता. तिने जे समजायचं ते समजून घेतलं. हात खाली घेतले, मॅट गुंडाळली आणि बाहेर गेली. त्याच संध्याकाळी कपड्यांच्या दोरीवर एक जाड पडदा अडकवून तिने पलंग आणि मॅट यांच्यामध्ये ताणून बांधला. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली, "सकाळचं ऊन येतं त्यांच्या डोळ्यावर." आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठल्यावर सासऱ्यांची चादर गादीखाली घट्ट खोचायला लागली, चारी बाजूंनी, पाकिटासारखी. हे सगळं तिने रागाने केलं नव्हतं. रागापेक्षा ती एक किळस होती, आणि तिला ती रास्त वाटत होती. कुणाला सांगून बोभाटा केला नाही याचं तर तिने मनातल्या मनात स्वतःचं कौतुकही केलं होतं.

फिजिओथेरपिस्ट गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात नेहमीच्या जागेवर बसली होती. तिचं काम म्हणजे काचेवर मध्य काढणं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर चिठ्ठीवर लिहून येतं. त्याप्रमाणे प्रत्येक काचेवर एक बारीक ठिपका द्यायचा, मग काच फ्रेमच्या आकाराला घासायची. ठिपका दोन मिलिमीटर जरी हलला तरी माणसाला चष्मा मानवत नाही. डोकं दुखतं, पायऱ्या वाकड्या दिसतात आणि तो आपल्याच डोळ्यांना दोष देत बसतो. एकोणीस वर्षांत तिच्या हातून परत आलेल्या काचा बोटांवर मोजता येतील इतक्या होत्या. "तू बघतेस ते बघतेसच," असं मुकादम म्हणायचा. ती ठिपका द्यायला पुढे झुकली आणि तिला ती सकाळ पुन्हा दिसली, पण या वेळी पूर्ण दिसली. चादर हलत होती ती उजव्या बाजूला. उजवा हात मेलेला, म्हणून डावा हात तिकडे गेला असणार असं तिने धरून चाललं होतं. पण डावा हात चादरीच्या बाहेर होता. पलंगाच्या कठड्यावर, तिच्याच बाजूला, तिच्यापासून हातभर अंतरावर तो होता आणि त्याने कठडा इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. हे तिने तेव्हाही पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि हिशेबात धरलं नव्हतं. म्हातारा माणूस घामाघूम होऊन आपला मेलेला हात उचलत होता. ती हात वर नेत होती म्हणून. तिने काच खाली ठेवली. शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं गं?" "काही नाही," ती म्हणाली, "डोळ्यांवर ताण आला." त्या दिवशी तिने एक काच उलटी लावली, आणि ती तिलाच सापडली म्हणून बरं.

पडदा तिने त्याच संध्याकाळी काढला. "ऊन?" नवऱ्याने विचारलं. "धुवायला काढलाय," ती म्हणाली. नवऱ्याला सांगावं असं तिला एकदा वाटलं, पण काय सांगायचं? तुझ्या वडिलांबद्दल मला असं असं वाटलं होतं, आणि ते तसं नव्हतं. ही वाक्यं बोलायला सोपी होती, पण एकदा बोलली की घरात ती कायमची राहायला आली असती. दुसऱ्या दिवशी सव्वासातला तिने चादर मोकळी केली, मॅट अंथरली, फोन लावला आणि हात वर नेले. सासऱ्यांनी मान वळवली, भिंतीकडे. तिला वाटलं, झोपेत असतील. तिसऱ्या दिवशीही तेच. ती खोलीत आली की नजर तिच्यावर असे, मॅट उलगडल्याचा आवाज झाला की डोकं उशीवर सावकाश फिरे आणि भिंतीकडे जाऊन थांबे. घरातल्या सभ्य माणसाने बाई कपडे बदलताना पाठ फिरवावी, तसं ते पाठ फिरवत होते. म्हणजे पडदा का लागला होता हे त्यांना कळलं होतं. हे तिला समजलं तेव्हा ती खाली वाकलेली होती, दोन्ही तळहात जमिनीवर पूर्ण टेकलेले होते, आयुष्यात पहिल्यांदाच. दोन वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते हे होतं. रक्त डोक्यात उतरलं, कानात गच्च झालं, आणि तिला लाज वाटली. ती उठून बसली. वर फोनमधली बाई म्हणत होती, "चेहऱ्यावर ताण नको."

असे नऊ दिवस गेले. नणंदेचा फोन आला, बाबा कसे आहेत म्हणून. तिने सांगितलं, आहेत तसेच. व्यायाम घेतेस का, असं नणंदेने विचारलं आणि ती म्हणाली, प्रयत्न चाललाय. प्रयत्न म्हणजे ती त्यांच्याजवळ जाऊन उजवा हात धरून वर उचलायची आणि ते तो धरू द्यायचे, ओला टॉवेल उचलू द्यावा तसे. सोडला की हात पडायचा. दहाव्या दिवशी कारखान्यातून पायी परत येताना वाटेत एक इमारत बांधत होते तिथे ती थांबली. वर क्रेनच्या लांब हाताला लोखंडाचा जुडगा लटकत होता, आणि खाली पिवळी टोपी घातलेला एक माणूस एक हात वर करून तर्जनी गोल गोल फिरवत होता. तिला सासऱ्यांचा सगळा जन्म त्या बोटात दिसला. एकतीस वर्षं ते बंदरावर क्रेन चालवत होते. तिचं लग्न नवं होतं तेव्हा, एकदा जेवणं झाल्यावर ताटातल्या रिकाम्या वाट्या उचलत आणि ठेवत त्यांनी तिला सगळं समजावून दिलं होतं. "वर काचेच्या केबिनमध्ये बसलेल्याला खालचं काही ऐकू येत नाही, बाळ. वारा आणि इंजिन. खालचा माणूस ओरडून मेला तरी उपयोग नाही. त्याने हात वर करून बोट फिरवलं, की उचल. हात खाली करून फिरवलं, की सोड. दोन्ही हात आडवे आणि तळवे जमिनीकडे, की जिथे असेल तिथे सगळं थांबव." मग ते म्हणाले होते, "पण पहिली खूण नजरेची. खालचा माणूस आपल्याकडेच बघतोय याची खात्री झाल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. नुसते हात हलवणारे धक्क्यावर पुष्कळ असतात." सासूबाई तेव्हा होत्या. त्या आतून म्हणाल्या, "तिला त्या खोक्याची गोष्ट सांगा, सगळ्या गावाला सांगून झालीय." खोक्याची गोष्ट अशी, की एकदा खालच्या माणसाने थांब म्हणून खूण दिली आणि तो कुणाच्या तरी हाकेला गेला तो जेवूनच आला. सव्वा तास सासऱ्यांनी खोकं हवेत धरून ठेवलं. साहेब कर्ण्यातून ओरडले, सोबतचे हसले. "तो थांब म्हणाला होता," सासरे सांगायचे, "सोड म्हणाला नव्हता." त्या दिवसापासून धक्क्यावर त्यांना खुंटा म्हणायला लागले, आणि निवृत्तीच्या दिवशी हाराबरोबर खरोखरचा एक लाकडी खुंटाही दिला. तो अजून माळ्यावर आहे.

ती रस्त्यावर उभी राहून मागचं सगळं पुन्हा बघत गेली. तिचं आणखी एक आसन होतं. पाय फाकवून, एक गुडघा वाकवून, दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे. तळवे जमिनीकडे. त्या वेळी मागे पलंगाची जी बारीक करकर चाललेली असे ती बंद पडे, आणि तिला वाटे, म्हातारा एकदाचा डोळे मिटून पडला. महिनोन् महिने ती रोज सकाळी त्यांना उचल म्हणत होती, थांब म्हणत होती, सोड म्हणत होती, आणि ते वर बसून बिनचूक काम करत होते. तिला मात्र आपण एकट्याच आहोत असं वाटत होतं. मग एक दिवस खालच्या माणसाने त्यांच्या तोंडावर पडदा ओढला. आणि पडदा काढला तरी हा खालचा माणूस त्यांच्याकडे बघत नव्हता. फोनकडे बघत होता. खरंच, झटका आल्यापासून तिने त्यांच्या डोळ्यांत सरळ असं कधी पाहिलं होतं? दुसऱ्यांच्या बाहुल्यांची अंतरं चिठ्ठीवरून मोजण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. खाली उभ्या असलेल्या त्या पिवळ्या टोपीच्या माणसाने तिला हाताने बाजूला व्हायची खूण केली आणि ती झाली.

सकाळी सव्वासातला तिने मॅट आणली नाही. फोनही आणला नाही. सासऱ्यांनी तिला पाहिलं, थोडा वेळ मॅटच्या आवाजाची वाट पाहिली, आणि आवाज झाला नाही तरी सवयीने मान भिंतीकडे वळवली. तिने पलंगाच्या चाकांचे खटके पायाने सोडवले. मग कठड्याला दोन्ही हात लावून पलंग ओढला. तो हलेना. तिने पाय रोवले, गुडघा वाकवला, पाठ सरळ ठेवली आणि पुन्हा ओढला. दोन वर्षांच्या व्यायामाचा पहिला रोख उपयोग तो असावा. पलंग करकरत भिंतीपासून सुटला, निळ्या मॅटच्या जागेवर आला आणि खिडकीच्या फूटभर अलीकडे थांबला. आता त्या खोलीत वाकायला, पाय फाकवायला, पडून राहायला कुठेच जागा उरली नव्हती. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये दीडेक फुटाची फट झाली होती. ती त्या फटीत आडवी होऊन शिरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिथे एकच गोष्ट करता येण्यासारखी होती, ती म्हणजे सरळ उभं राहणं.

सासऱ्यांना मान वळवायला आता दुसरी बाजू होती. खिडकीची. ते वळवतील असं तिला वाटलं, आणि वळवली तर काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. "माझं चुकलं, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच हळू वाटला. त्यांना ते पोहोचलं की नाही हे चेहऱ्यावरून कळलं नाही. वर बसलेल्याला खालचं ऐकू येत नाही. मग तिने बोलणं सोडलं आणि त्यांच्याकडे बघितलं. डोळे पाणचट झाले होते, उजव्या डोळ्याची पापणी अर्धी लवलेली, बाहुलीभोवती म्हातारपणाचं राखाडी कडं. इतक्या जवळून तिने हे डोळे कधी पाहिले नव्हते. ते तिच्याकडे बघत होते. बराच वेळ नुसतेच बघत होते, खात्री करून घेत असावेत. तिला नजर हलवावीशी वाटली, तिने हलवली नाही. मग ती नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली उतरली आणि तिच्या उजव्या हातावर येऊन थांबली.

तिने हात वर केला, कोपरात वाकवला, तर्जनी वर धरली आणि फिरवली. तिला वाटलं होतं की हे करताना आपल्याला हसू येईल. आलं नाही. चादरीखाली काहीतरी सरकलं. बोटं आधी वळली, मग मनगट, मग तो हात चादर घेऊनच वर आला, चार बोटं, आणि तिथे अडकला. सासऱ्यांच्या कपाळावर घाम आला. डाव्या हाताने त्यांनी खिडकीकडचा कठडा धरला होता. ती बोट फिरवत राहिली. हात आणखी उठला, वीतभर, चादर त्याच्यावरून घसरून पडली, आणि थरथरणारा तो उघडा हात गादी आणि छत यांच्यामध्ये कुठेतरी राहिला. छातीपर्यंत तो आला नव्हता. तिने बोट फिरवायचं थांबवलं. त्यांचा हातही थांबला. खाली पडला नाही.

पाच श्वास केव्हाच होऊन गेले असतील. तिचा खांदा भरून आला, भिंतीचा गारवा पाठीला लागत होता, आणि मोजायचं ती विसरली होती. बाहेर दारावरची बेल वाजली. दिवसाच्या बाई. इतका वेळ कसा गेला हे तिला कळलं नाही. नवरा न्हाणीघरातून म्हणाला, "अगं, दार बघ." पुन्हा म्हणाला, "आहेस ना?" कामाला उशीर होणार होता. सोड ही खूण तिला येत होती, ती कधीही देता आली असती. बेल दुसऱ्यांदा वाजली. तिने हात तसाच वर धरून ठेवला, कारण वरचा माणूस तिच्याकडे बघत होता.